धोट्याची शिवाशिव

गिरणीचा भोंगा वाजला की जात वेशीबाहेर राहते, असे पुष्कळांस वाटे. मुंबईच्या साचेखात्यात तसे झाले नाही. कांडी बदलली की सुताचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. म्हणून अस्पृश्याला साच्यावर घ्यावयाचे नाही, हा सवर्ण विणकरांचा हट्ट. मजुरी मात्र साच्यावरच अधिक!

१९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला. तो मागण्यांत आधीच का नव्हता? बंदी मालकाची असती तर आम्हा संघटनावाल्यांनी दरवाजा अडविला असता. ही आमच्याच माणसांची होती. १९३८ साली मनमाडास रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बाबासाहेबांना तेच गाऱ्हाणे पुन्हा मांडावे लागले.