दीक्षा आणि दाखला : बौद्ध तरुणांच्या सवलतींसाठी चौतीस वर्षांचा लढा

धर्मांतराने माणसाला काय मिळाले, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. त्या धर्मांतराची किंमत कोणी मोजली आणि किती वर्षे मोजली, याची चर्चा मात्र त्या मानाने फारच थोडी झाली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लक्षावधी अनुयायांना ती दिली. शतकांची गुलामी झुगारून माणसे ताठ मानेने घरी परतली. परंतु त्यांची शाळा-कॉलेजात शिकणारी मुले आणि नोकरीच्या शोधात असणारे तरुण मात्र शासनदरबारी एकाएकी निराधार झाले. त्यांना पुन्हा आधार मिळवून देण्यासाठी या समाजाने चौतीस वर्षे जो लढा दिला, त्याचा आलेख आम्ही येथे मांडत आहोत. आजच्या पिढीतील काहींना हातातील प्रमाणपत्र ही शासनाची कृपा वाटते. ती कृपा नव्हे, हे इतिहासच सांगतो.

या सवलतींचा पाया बाबासाहेबांनीच घातला होता. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेल्यावर त्यांनी अस्पृश्य वर्गाच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सरकारला सादर केले. त्याचे फळ म्हणून १९४३ साली केंद्रीय नोकऱ्यांत या वर्गासाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या आणि उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्याही सुरू झाल्या. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० साली औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, कॉलेज उभे राहिले. खेड्यातल्या मुलाला कॉलेजचा दरवाजा दिसावा आणि कॉलेजातून बाहेर पडल्यावर नोकरीचाही दरवाजा उघडावा, अशी ही एकसंध योजना होती.

धर्मांतराने या योजनेच्या मार्गात कायद्याची भिंत उभी राहिली. राज्यघटनेच्या ३४१ व्या अनुच्छेदानुसार १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. हिंदूहून अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात नमूद होते. १९५६ साली दुरुस्ती होऊन त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी बौद्ध झालेल्यांसाठी मात्र दार बंद राहिले. धर्मांतराने सवलती जातील, ही भीती बाबासाहेबांच्या कानी आली नव्हती असे नाही. १५ ऑक्टोबरच्या नागपूरच्या भाषणात त्यांनी तिला उत्तर दिले. हे हक्क मीच मिळवून दिले आहेत आणि ते पुन्हा मिळवून देईन, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. परंतु दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. जे काम त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले होते, ते आता समाजाच्या शिरावर आले.

पहिले यश राज्याच्या पातळीवर मिळाले. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती बौद्धांना लागू केल्या. शिक्षण आणि राज्यसेवा यांत त्यामुळे वाट मोकळी झाली. तथापि रेल्वे, टपाल, आयकर यांसारख्या केंद्राच्या नोकऱ्या आणि विधिमंडळ व संसदेतील राखीव जागा राष्ट्रपतींच्या आदेशाशी निगडित होत्या. त्या आदेशात बदल करण्याचा अधिकार राज्याला नव्हता, केवळ संसदेला होता.

यातून जे नैतिक संकट निर्माण झाले, त्याची कल्पना आज करणे कठीण आहे. घरात बुद्धवंदना, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मुखी बावीस प्रतिज्ञा. आणि शाळेच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू महार'. केंद्राची नोकरी हवी असेल तर तरुणाने आपला धम्म कागदावर लपवावा आणि धम्म उघड सांगायचा असेल तर नोकरीवर पाणी सोडावे, अशी ही कोंडी होती. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीनंतर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात, बौद्ध धम्म जाहीरपणे स्वीकारल्यामुळे राखीव जागेवरील निवड रद्द ठरली. उघडपणे बौद्ध म्हणवून घेण्याची किंमत त्या निकालाने सर्वांना दाखवून दिली.

शासनाचा युक्तिवाद असा होता की, बौद्ध धम्मात जातिभेद नाही, म्हणून बौद्धाला अस्पृश्यतेची बाधा नाही. हा युक्तिवाद धम्माची स्तुती करणारा भासतो. वस्तुतः तो अन्यायाला आधार देत होता. अस्पृश्यता पाळणाऱ्याच्या मनात असते, सोसणाऱ्याच्या धर्मात नव्हे. दीक्षा घेतलेल्या माणसाला गावच्या पाणवठ्यावर कोणी 'आता तू बौद्ध आहेस, ये' असे म्हणत नव्हते. शिवाय विसंगती अशी की, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बौद्धाला धरले जात होते. विवाहासाठी बौद्ध हा हिंदू आणि नोकरीसाठी मात्र अहिंदू, हा कोणता न्याय?

या प्रश्नाला रस्त्यावरचे उत्तर १९६४ साली मिळाले. रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना दहा मागण्यांची सनद सादर केली. तिच्यात संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे, कसणाऱ्याला जमीन मिळावी, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी व्हावी, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सर्व सवलती मिळाव्यात आणि राखीव नोकऱ्यांचा अनुशेष भरावा, या मागण्या होत्या. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी सत्याग्रह झाला. हजारो स्त्रीपुरुष कारागृहात गेले. त्यांत भूमिहीन शेतमजूर मोठ्या संख्येने होते. त्यांपैकी अनेकांना स्वतःला नोकरी मिळण्याचा संभव नव्हता. ज्यांना अक्षरओळखही नव्हती, ते पुढच्या पिढीच्या कॉलेजासाठी आणि नोकरीसाठी तुरुंगात गेले, ही गोष्ट आम्हांस या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची वाटते.

पुढे सिद्धार्थ आणि मिलिंद महाविद्यालयांतून पदवीधरांच्या पिढ्या बाहेर पडू लागल्या, तसतसा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरमागे सुशिक्षित तरुणांचा जो संताप होता, त्यात या बेकारीचाही वाटा होता. सभा, निवेदने, ठराव, मोर्चे यांचा क्रम चालूच राहिला. अखेर विश्वनाथ प्रताप सिंग पंतप्रधान असताना १९९० साली संसदेने दुरुस्ती मंजूर केली आणि तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्याबरोबर 'बौद्ध' हा शब्द आला. त्याच वर्षी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्रही लागले. १९६४ च्या सनदेतील दोन मागण्या अशा सव्वीस वर्षांनी एकाच वर्षी पूर्ण झाल्या.

तथापि इतिहासाचा विपर्यास असा की, दार उघडले तेव्हा घरच आकसू लागले. १९९१ पासून नवे आर्थिक धोरण आले आणि सार्वजनिक क्षेत्रातील नोकऱ्यांना पुढे ओहोटी लागली. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही. २००१ च्या जनगणनेत बौद्धांचे साक्षरतेचे प्रमाण ७२.७ टक्के, तर देशाचे ६४.८ टक्के होते. शिक्षणाची आस या समाजाने सोडली नाही, हे त्यावरून दिसते. परंतु शिकलेल्या हातांना योग्य काम मिळवून देण्याचे कार्य अपूर्ण आहे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, १९६४ च्या पिढीकडून मागण्यांबरोबर त्यांची रीतही शिकावी. आपल्या घरात विद्यार्थी असो वा नसो, वस्तीतील प्रत्येक मुलाचे शिक्षण ही आपली जबाबदारी, असे त्यांनी मानले. अलीकडे ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलांऐवजी वही आणि पेन अर्पण करण्याची प्रथा रुजत आहे आणि अनेक विहारांत अभ्यासिका चालतात, हे त्याच रीतीचे आजचे रूप होय. प्रत्येक विहार समितीने आपल्या परिसरातील विद्यार्थ्यांची नोंद ठेवावी, कोणाचे शुल्क अडले आहे, कोणाची शिष्यवृत्ती रखडली आहे, याची विचारपूस करावी आणि संबंधित कार्यालयाकडे समाजाच्या वतीने पाठपुरावा करावा. वंदनेसाठी जमणाऱ्या उपासक-उपासिकांना हे काम परके नाही. याच समाजाने चौतीस वर्षे ते संसदेच्या दारापर्यंत नेले होते.