प्रवासविषयक नियतकालिकांची निवड : बारडोलीच्या निमित्ताने

12 फेब्रुवारी 1928 रोजी बारडोली तालुक्यातील शेतकऱ्यांनी वाढीव शेतसारा न भरण्याचा ठराव केला. त्यानंतर पाचच दिवसांनी, 17 फेब्रुवारीस, दिल्लीत ‘हिमालयन क्लब’ची स्थापना झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. तथापि आपल्याकडील प्रवासविषयक नियतकालिकांचा विचार करताना हा योगायोग अर्थपूर्ण वाटतो. कारण बारडोलीच्या लढ्यात वल्लभभाईंचे चिटणीस म्हणून काम करणारे स्वामी आनंद हे स्वतः हिमालयाचे पायी प्रवासी होते.

स्वामी आनंद जन्माने गुजराती; परंतु मराठी त्यांना परकी नव्हती. ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकाच्या गुजराती आवृत्तीत त्यांनी उमेदवारी केली होती. 1912 मध्ये बडोद्याचे गंगनाथ विद्यालय बंद पडल्यावर तेथील शिक्षक, साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर, हिमालयाकडे निघाले. या यात्रेत स्वामी आनंद त्यांचे सहप्रवासी होते. काकासाहेबांनी पुढे या प्रवासाचे वर्णन गुजरातीत लिहिले आणि ते साबरमती आश्रमाच्या हस्तलिखित मासिकात क्रमशः आले; 1924 मध्ये त्याचे पुस्तक झाले. गुजराती प्रवासवाङ्मयातील एक श्रेष्ठ कृती अशा रीतीने एका मराठी माणसाच्या लेखणीतून आणि छापखान्याचे तोंडही न पाहिलेल्या मासिकातून वाचकांपुढे आली. गुळगुळीत कागद व रंगीत चित्रे पाहून नियतकालिकाची पारख करणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

हिमालयन क्लबने 1929 मध्ये ‘हिमालयन जर्नल’ सुरू केले. केनेथ मेसन हे त्याचे पहिले संपादक. या नियतकालिकाची प्रकृती अगदी निराळी. वाट कोठून फुटते, खिंडीची उंची किती, नदी कोणत्या ऋतूत ओलांडता येते, कोणत्या चढाईत माघार का घ्यावी लागली, याची त्यात काटेकोर नोंद असे. भाषेचा विलास त्यात शोधू नये. परंतु पुढच्या पथकाचा जीव अशाच नोंदीवर अवलंबून असतो. पुढे मुंबईच्या हरीश कपाडियांनी दीर्घकाळ त्याचे संपादन केले. सह्याद्रीतील पदभ्रमणावर पुस्तक लिहिणाऱ्या संपादकाच्या हाती हिमालयाचे नियतकालिक यावे, ही गोष्ट मराठी मुलखातील वाचकास विशेष जवळची वाटेल.

निवडीचा प्रश्न ग्रंथालयांपुढे येतो तो याच ठिकाणी. बारडोली तालुका ब्रिटिश हद्दीत असला, तरी लगतच बडोदे संस्थानचा नवसारी प्रांत होता. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम ॲलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांस पाचारण करून संस्थानात ग्रंथालयांचे जाळे विणले. फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या खेडोपाडी जात. 1912 पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत निघू लागले. पेटीत जागा थोडी असते. तीत काय घालावे आणि काय वगळावे, हा निर्णय कोणाला तरी करावाच लागतो. वर्गणीसाठी बेताची रक्कम असणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयास आजही तोच निर्णय करावा लागतो.

हा निर्णय करताना काही कसोट्या उपयोगी पडतात. लेखक स्वतः ती वाट चालला आहे काय? नकाशा, अंतर, ऋतू व लागलेला काळ दिला आहे काय? फसलेल्या प्रयत्नाची हकीगत प्रांजळपणे सांगितली आहे काय? त्या डोंगरात राहणारी माणसे केवळ ओझी वाहण्यापुरतीच दिसतात, की त्यांची नावे, बोली आणि उपजीविकाही कळते? आणि शेवटी, जाहिरातींची पाने वगळल्यास वाचण्याजोगे किती उरते? ज्याचा जुना अंक वीस वर्षांनीही वाटाड्याचे काम करील, ते नियतकालिक बांधणी करून जतन करावे. बाकीची वाचनमेजावर महिनाभर राहिली तरी पुरे.

मोजमापाचे लेखन व मनाचे लेखन यांपैकी एकाचीच निवड मात्र करू नये. पहिले नसेल तर वाचक वाट चुकेल. दुसरे नसेल तर वाटेला लागण्याची ओढच त्याला वाटणार नाही. ग्रंथालयाच्या एकाच कपाटात या दोहोंना जागा मिळावी, यातच सभासदांचे हित आहे.