जगात धान्य पुरेसं आहे का आणि त्याचा गर्भपाताशी काय संबंध?

गर्भपाताचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'जमीन तेवढीच आहे आणि खाणारी तोंडं वाढतायत, गर्भपात सोपा केला नाही तर उद्या अन्न पुरणार नाही.' दुसरं, 'गोदामं भरून वाहतायत, अन्न वाया जातंय, मग पोटातल्या जिवाला नाकारायचं कशाला?' ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात. पण दोन्हींमागचं गृहीतक एकच आहे: गर्भपात योग्य की अयोग्य, हे धान्याच्या साठ्यावरून ठरतं.

ही सांगड कुठून आली आणि ती कितपत टिकते, हे पाहण्याआधी अन्नाचं गणित समजून घ्यायला हवं.

भाकितं आणि प्रत्यक्ष

लोकसंख्या गुणाकाराने वाढते आणि अन्न बेरजेने, असं इंग्रज विचारवंत थॉमस माल्थस यांनी १७९८ मध्ये मांडलं. तेव्हा जगाची लोकसंख्या १०० कोटींच्या आसपास होती. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिच यांचं 'द पॉप्युलेशन बॉम्ब' हे पुस्तक आलं आणि प्रचंड खपलं. १९७० च्या दशकात कोट्यवधी माणसं उपासमारीने मरतील, असा त्यांचा इशारा होता. या पुस्तकाची सुरुवातच दिल्लीतल्या एका गर्दीच्या रात्रीच्या वर्णनाने होते. गर्भपात कायदेशीर करावा, याच्या बाजूनेही एर्लिच होते आणि त्यांचं एक कारण लोकसंख्या हेच होतं.

त्या काळी ही भीती निराधार नव्हती. १९६५ आणि १९६६ अशी सलग दोन वर्षं भारतात पावसाने दगा दिला, बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. पीएल-४८० योजनेखाली अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांवर देश तग धरून होता. रेशनवर मिळणारा लाल मिलो महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अजून आठवतो.

मग सुधारित बियाणं, खतं, सिंचन आणि सरकारी खरेदी यांच्या जोरावर चित्र पालटलं. १९५०-५१ मध्ये भारतात सुमारे ५ कोटी टन अन्नधान्य पिकलं होतं. २०२२-२३ मध्ये हा आकडा जवळपास ३३ कोटी टन झाला. याच काळात लोकसंख्या ३६ कोटींवरून १४० कोटींच्या पुढे गेली. म्हणजे माणसं साधारण चौपट झाली आणि धान्य सहापटीहून जास्त. पंजाब-हरियाणातलं भूजल उपसून यातली काही किंमत मोजली गेली, हेही खरं.

जगाचा हिशेबही असाच आहे. वर्षाला सुमारे २८० कोटी टन तृणधान्य पिकतं. ८०० कोटींहून जास्त माणसांत ते वाटलं तर माणशी रोज एक किलोच्या जवळ जातं. प्रत्यक्षात यातलं निम्म्याहून कमी धान्य थेट माणसाच्या ताटात येतं. उरलेलं जनावरांच्या खाद्यात, इथेनॉलमध्ये, बियाण्यात जातं किंवा नासतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेच्या अंदाजानुसार, २०२२ मध्ये घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०० कोटी टनांहून अधिक अन्न वाया गेलं. तरीही संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालानुसार आदल्या वर्षी जगात सुमारे ७३ कोटी लोक भुकेले होते.

लोकसंख्या कायम वाढत राहील, असंही नाही. या शतकाच्या ऐंशीच्या दशकात ती सुमारे १,०३० कोटींवर जाऊन नंतर उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज आहे. वाढतं तापमान आणि आटणारं पाणी यामुळे तितक्यांना जेवू घालणं सोपं नसेल, पण अशक्यही म्हणता येत नाही.

मग भूक कुठून येते?

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' या ग्रंथात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास आहे. लाखो माणसं मेली, पण त्या वर्षी बंगालमधलं धान्य त्याआधीच्या काही वर्षांच्या तुलनेत फार घसरलेलं नव्हतं, असं त्यांनी दाखवलं. भाव भडकले होते आणि शेतमजूर, मच्छीमार अशा लोकांच्या हातात ते विकत घेण्याएवढे पैसे उरले नव्हते. धान्य असणं आणि ते मिळणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

आजचं उदाहरण घ्यायचं तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं घेता येईल. पाच वर्षांखालच्या साधारण ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. महाराष्ट्रातही प्रमाण जवळपास तेवढंच आहे. याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा प्रजनन दर बाईमागे १.७ मुलं इतका खाली आलेला दिसतो. मुलं कमी झाली म्हणून ताट आपोआप भरत नाही.

सरकारने गणित हातात घेतलं तेव्हा

रुमानियाचा अनुभव इथे सगळ्यात बोलका आहे. तिथल्या निकोलाय चाउशेस्कू यांच्या कम्युनिस्ट राजवटीला देशाची लोकसंख्या वाढवायची होती. ऑक्टोबर १९६६ मध्ये 'डिक्री ७७०' काढून गर्भपातावर बंदी आली. ४५ वर्षांवरच्या किंवा चार मुलं झालेल्या बायका आणि काही मोजके अपवाद सोडले तर कुणालाच मुभा नव्हती. गर्भनिरोधकंही जवळपास मिळेनाशी झाली. १९६७ मध्ये जन्म दुपटीच्या आसपास गेले. पण लोकांनी चोरवाटा शोधल्या आणि जन्मदर पुन्हा घसरला. घसरला नाही तो मातामृत्यूचा आकडा. घरी किंवा कुणा अडाणी हातांनी केलेल्या गर्भपातांमुळे रुमानियात तो युरोपातला सर्वाधिक झाला. या धोरणाने सुमारे १० हजार बायकांचा जीव घेतला, असा अंदाज मांडला जातो. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली, नव्या सरकारने लगेच बंदी उठवली आणि १९९० मध्ये मातामृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं.

या गोष्टीची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. १९८० च्या दशकात परदेशी कर्ज फेडण्यासाठी हेच सरकार देशातलं अन्न निर्यात करत होतं. पाव, तेल, साखर, मांस यांचं रेशनिंग होतं. माणशी किती कॅलरी खाव्यात याचा सरकारी कार्यक्रमच आखला गेला. मुलं जन्माला घालायची सक्ती करणारं सरकार त्याच मुलांच्या ताटातलं अन्न बाहेर पाठवत होतं.

चीनने उलटं टोक गाठलं. १९८० च्या सुमारास लागू झालेलं एक मूल धोरण २०१५ पर्यंत चाललं आणि त्यात अनेक बायकांवर गर्भपाताची जबरदस्ती झाली. आता तिथली लोकसंख्या घटू लागली आहे आणि सरकार जास्त मुलांसाठी आर्जवं करतंय. भारतातही आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही.

भारताचा कायदा नेमका कशासाठी आला?

१९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा, म्हणजे एमटीपी कायदा, लोकसंख्या रोखण्यासाठी आला असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार गर्भपात हा गुन्हा होता. बाईचा जीव वाचवण्यासाठी केलेला गर्भपात सोडला तर खुद्द बाईलाही शिक्षा होऊ शकत होती. १९६४ मध्ये केंद्राने महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. देशात वर्षाला सुमारे ३९ लाख गर्भपात मुद्दाम केले जातात, असा समितीचा ढोबळ अंदाज होता. यातले बहुतेक लपूनछपून होत आणि त्यात बायका मरत. समितीने १९६६ च्या अहवालात भर दिला तो याच्यावर. लोकसंख्या कमी करण्याचं साधन म्हणून गर्भपाताकडे पाहायला तिचा विरोध होता.

कायद्याच्या उद्देशपत्रिकेतही तीन कारणं आहेत: बाईचं आरोग्य, बलात्कारासारख्या प्रसंगातली माणुसकी आणि गर्भातलं गंभीर व्यंग. तरीही काळाची छाया मजकुरात उतरलीच. 'मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी' विवाहित बाईने किंवा तिच्या नवऱ्याने वापरलेलं साधन फसलं, तर होणारा मनस्ताप ही मानसिक आरोग्याची गंभीर हानी मानली जावी, असं स्पष्टीकरण त्यात होतं. अविवाहित बाई त्या वाक्यात बसतच नव्हती.

छोट्या कुटुंबाचा आग्रह आणि मुलग्याचा हव्यास एकत्र आले तेव्हा आणखी एक अनर्थ झाला. सोनोग्राफीने लिंग पाहून मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात पहिल्यांदा याविरुद्ध कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च भरल्या.

मूळ वाद कशावर आहे?

वाद आहे तो दोन हक्कांचा. गर्भाला माणसाइतकाच जगण्याचा हक्क आहे, असं कुणी मानत असेल, तर धान्य कमी पडलं म्हणून तो हक्क जात नाही. स्वतःच्या शरीराचा निर्णय बाईचा आहे, असं मानणाऱ्यालाही यंदा पीक भरघोस आलं म्हणून तो निर्णय तिच्याकडून काढून घेता येत नाही. साधन फसलंय, आधीचं मूल अंगावर पितंय, नवरा सोडून गेलाय, डॉक्टरांनी धोका सांगितलाय, अशा कारणांनी दवाखान्यात आलेल्या बाईसमोर जगाचं धान्य उत्पादन हा प्रश्न नसतोच.

आज कायदा काय सांगतो?

२०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांमध्ये दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ही मुभा ठरावीक गटांनाच आहे: बलात्कार पीडिता, अल्पवयीन मुली, गरोदरपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या बायका वगैरे. गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने त्यापुढेही गर्भपात होऊ शकतो.

१८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची किंवा सासरच्यांची सही कायद्याने लागत नाही, जरी अनेक ठिकाणी ती मागितली जाते. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. ते जुनं स्पष्टीकरणही बदललं: 'विवाहित बाई किंवा तिचा नवरा' याऐवजी आता 'बाई किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आहेत. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २४ आठवड्यांची मुभा अविवाहित बायकांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं.