मोमिआई, प्रयोग आणि संमती

मानवी देहावर गुप्तपणे चाललेले प्रयोग हा विज्ञानभयकथेचा जुना विषय होय. एच. जी. वेल्स यांची ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ ही कादंबरी १८९६ साली प्रसिद्ध झाली. एकाकी बेटावर प्राण्यांची चिरफाड करून त्यांना मनुष्यरूप देऊ पाहणारा शास्त्रज्ञ तीत रंगविलेला आहे. त्याच वर्षी मुंबईत लोकांच्या तोंडी तिच्याच जातीची एक भयकथा पसरली होती. ही कथा खरी होती की खोटी आणि तिच्या मुळाशी कोणता प्रश्न होता, या दोन गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट होय.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगाचे, रोगी ओळखले. रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलविण्यास आरंभ होताच, तेथे माणसे मारून त्यांच्या देहांतून ‘मोमिआई’ काढतात, अशी वदंता उठली. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. मूळ फारसी शब्द खडकातून पाझरणाऱ्या औषधी डांबराचा वाचक आहे. ‘ममी’ हा युरोपीय शब्दही त्यापासूनच निघाला. हिंदुस्थानात मात्र, माणसास उलटे टांगून व खाली विस्तव पेटवून त्याच्या डोक्यातून गाळलेले तेल, असा भीषण अर्थ या शब्दास चिकटला.

मोमिआई कोणी काढली नाही; परंतु मानवी देहावर प्रयोग मात्र झाला. ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगाची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, असे नमूद आहे. टोचणीच्या वेळीच रोगग्रस्त असलेले कैदी वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघांस रोग झाला व कोणी दगावले नाही. न घेतलेल्यांपैकी बारा जणांस रोग झाला व सहा दगावले. हा प्रयोग गुप्त नव्हता, त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि लसीचा गुणही त्यातून दिसून आला. तथापि बंदिवानाच्या ‘स्वेच्छे’स किती अर्थ असतो, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. संमती देणाऱ्यास निवडीचे खरेखुरे स्वातंत्र्य असले पाहिजे, हे तत्त्व १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत स्पष्टपणे मांडले गेले.

तरीही तो प्रश्न संपला नाही. २००९ साली तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात सुमारे १४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्यात आली. त्यांत आदिवासी मुली पुष्कळ होत्या. अनेक संमतिपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, आणि संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले.

या दृष्टीने पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके विचारात घेण्याजोगे आहेत. येथेही आदिवासी मुले घरापासून दूर आश्रमशाळांत शिकतात. वारली, कोकणा, कातकरी आदी समाजांच्या घरांतील बोली प्रमाण मराठीहून बऱ्याच भिन्न आहेत. औषधचाचणीविषयक २०१९ च्या नियमांनुसार संमतीपूर्वीची माहिती संबंधितास समजेल अशा अतांत्रिक भाषेत देणे बंधनकारक आहे. ज्याच्या घरी वारली बोलली जाते, त्याच्यापुढे संस्कृतप्रचुर मराठीतील संमतिपत्र ठेवल्याने या नियमाच्या अक्षराचे पालन होईल, हेतूचे होणार नाही. येथे भाषाशास्त्राचे कार्य केवळ शब्दसंग्रहापुरते उरत नाही; ‘लस’, ‘चाचणी’ आणि ‘नकार देण्याचा अधिकार’ या कल्पना त्या त्या बोलीत सांगता येतात की नाही, हे तपासणेही त्यातच मोडते.

मोमिआईची कथा असत्य होती. परंतु आपल्या देहाचे काय होणार, हे आपणांस कोणी सांगत नाही, ही तिच्यामागील जाणीव असत्य नव्हती. जेथे समजेल अशा शब्दांत सांगितले जात नाही, तेथे वदंताच माहितीची जागा घेते.