मागे राहिलेल्या

गेले दोन महिने गुडघ्याने बाहेर पडणं बंद केलं आहे, त्यामुळे वाचनाला उधाण आलंय. नातू म्हणतो, आजी, तू पुस्तकं वाचत नाहीस, रवंथ करतेस. खरंच आहे ते. नवीन पुस्तकं आणून देतात मुलं, पण चाळून होतात आणि हात पुन्हा जुन्या कपाटाकडे जातो. या वेळी मात्र एक गंमत झाली. गंमत म्हणावी की नाही, कळत नाही. चार पुस्तकं काही न ठरवता एकापाठोपाठ वाचली गेली, आणि चौथं संपेपर्यंत पहिल्याविषयीचं माझं साठ वर्षांचं मत डळमळलं.

पहिलं पुस्तक रणजित देसाईंचं 'स्वामी'. १९६२ साली आलेली ही कादंबरी आमच्या पिढीने जेवढी वाचली तेवढी क्वचितच दुसरी कुठली वाचली असेल. पुढे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर मालिका आली आणि ज्यांनी पुस्तक हातात धरलं नव्हतं त्यांच्याही मनात माधवराव-रमाबाई जाऊन बसले. मी ती पहिल्यांदा वाचली १९६४ साली, वाईला, चौदा वर्षांची असताना. खरं म्हणजे नुसती वाचली नाही, मोठ्याने वाचून दाखवली. आमच्या घरी वडिलांची आत्या होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. लाल आलवण, डोक्यावरून पदर. अकराव्या की बाराव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून ती माहेरीच होती. नवऱ्याचा चेहरा आठवत नाही, असं तिने आईला एकदा सांगितलं होतं. दर पंधरा दिवसांनी न्हावी मागच्या दाराने यायचा, आणि त्या वेळी आम्हा मुलांना पुढच्या ओसरीवर पिटाळलं जायचं. तिला अक्षरओळख नव्हती. पण ऐकायची फार हौस. दुपारी ती वाती वळत बसायची आणि मी वाचायची.

थेऊरचा शेवटचा भाग आला तेव्हा माझा आवाज फुटेना. माधवराव गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे, आणि रमाबाई सती निघाल्या. मी हुंदके देत वाचत होते. आत्याआजीचे हात थांबले नव्हते. मी पुस्तक मिटलं तेव्हा तिने वातींची जुडी बाजूला ठेवली आणि एवढंच म्हणाली, "सुटली बिचारी."

मला वाटलं, तीही माझ्यासारखीच भारावली आहे. देवाघरी गेली, नवऱ्यापाशी पोचली, या अर्थाने 'सुटली'. तोच अर्थ मी पुढे पन्नास वर्षं धरून बसले. आणि एवढंच नाही, तो वर्गावर्गांतून वाटला. इतिहास शिकवताना माधवराव पेशव्यांच्या धड्याला मी नेहमी दोन तास जास्त घ्यायची. पानिपतानंतर कोसळलेलं राज्य एका सोळा वर्षांच्या मुलाने कसं सावरलं, निजामाला राक्षसभुवनला कसं हरवलं, हे सांगून झालं की शेवटी थेऊर. तो भाग पुस्तकात एका ओळीचा असायचा, पण मी तो रंगवून सांगायची. मुली डोळे पुसायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू! एकदा सहलीला थेऊरला गेलो होतो. चिंतामणीचं दर्शन झाल्यावर मी मुलींना नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी नेलं. तिथे एक मुलगी म्हणाली, "बाई, त्या नसत्या गेल्या तर चाललं नसतं का?" मी म्हटलं, "तो काळच वेगळा होता." आणि डबे उघडायला सांगितले.

तो काळ वेगळा होता हे वाक्य इतिहासाच्या शिक्षकाने वापरू नये असं आता वाटतं. कारण त्या उत्तरात इतिहास नव्हताच. त्याच शनिवारवाड्याची वंशावळ मी फळ्यावर काढत होते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. बाळाजी विश्वनाथ १७२० साली गेले. त्यांच्या पत्नी राधाबाई सती गेल्या नाहीत. त्या पुढे तीसहून अधिक वर्षं जगल्या, घरावर वचक ठेवून जगल्या आणि १७३५ मध्ये त्यांची उत्तरेतली तीर्थयात्रा झाली ती राजकारणातही गाजली. पहिले बाजीराव १७४० साली रावेरखेडीला गेले. काशीबाई मागे राहिल्या. नानासाहेब १७६१ मध्ये गेले, गोपिकाबाई मागे राहिल्या. म्हणजे तीन पेशवे आणि तिघांच्याही विधवा जगल्या. होळकरांकडे खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, तेव्हा अहिल्याबाईंना मल्हाररावांनी थांबवलं, आणि पुढचं सगळं आपल्याला ठाऊक आहे. आणि रमाबाईंनंतर वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ऑगस्ट १७७३ मध्ये, नारायणरावांचा खून झाला. त्यांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्या राहिल्या म्हणून सवाई माधवराव जन्मले, म्हणून बारभाईंना कारभार करायला गादीवर धनी मिळाला. मराठी राज्याची पुढची वीस वर्षं एका मागे राहिलेल्या बाईवर उभी आहेत. हे सगळं मला पाठ होतं. सालांसकट पाठ होतं! पण ते एका रांगेत कधी मांडलंच नाही.

कादंबरीला मी दोष देत नाही. 'स्वामी'तला संथपणा, संवादांतली अदब, पती-पत्नींमधलं न बोललेलं प्रेम, हे आजही मला आवडतं. मात्र या वेळी जाणवलं की लेखकाला रमाबाईंचा शेवट फार सुंदर दिसतो. त्यात धूर नाही. शिवाय गोपिकाबाई जिथे येतात तिथे त्या मुख्यतः मुलाशी हट्टाने वागणाऱ्या आई म्हणून येतात. पुढे त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या, आणि माधवराव गेले, नारायणराव मारला गेला, तरी त्यानंतरही १७८८ पर्यंत त्या जगत होत्या. ही बाई म्हणजे एक अख्खी कादंबरी आहे. तीच गोष्ट पार्वतीबाईंची. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले हे त्यांनी मानलंच नाही, कुंकू पुसलं नाही. पुढे भाऊंचा तोतया निघाला तेव्हा त्या बाईच्या मनाचं काय झालं असेल? जळून जाणारीवर लिहायला शेवट तरी आयता मिळतो. जगत राहणारीवर काय लिहिणार!

दुसरं पुस्तक विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास'. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेला आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडला. झाशीच्या वेढ्यात तो शहरात होता. पुस्तक १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं, आणि त्यांनी त्यात बरीच कात्री लावली होती. मूळ बाड दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलं. हे प्रवासवर्णन मी चौथ्यांदा वाचलं असेन. गोडसे भटजी भित्रे आहेत, खादाड नसले तरी जेवणाची वर्णनं मन लावून करतात, आणि पैशांचा हिशोब कधी विसरत नाहीत. म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

या वेळी मी अडले ती एका लहानशा नोंदीवर. राणी विधवा होती पण केशवपन केलेलं नव्हतं, म्हणून ती रोज त्याचं प्रायश्चित्त घेऊन मग पूजेला बसे, असं भटजी सांगतात. रोज! तलवार चालवणारी, दरबार भरवणारी, घोड्याची पारख असलेली ही बाई रोज सकाळी आपल्या डोक्यावरच्या केसांबद्दल दंड भरत होती. शाळेच्या पुस्तकात ती पाठीवर मूल बांधून उडी मारते, त्या चित्रात हे नाही. पुढे काल्पीच्या वाटेवर ती भटजींना भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. ते विहिरीतून पाणी काढून देऊ लागतात तर ती त्यांना थांबवते आणि स्वतः काढून ओंजळीने पिते. हा प्रसंग सगळ्यांना आठवतो. मलाही तोच आठवायचा.

मग हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' काढली. १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः आली होती. पुरुषाने लिहिलेली, पण यमूच्या तोंडून सांगितलेली, म्हणजे आत्मचरित्राचा वेष घेतलेली कादंबरी. पाल्हाळ फार आहे, पहिल्या निम्म्यात मी दोनदा झोपले हे कबूल करते. पण यमूचं केशवपन येतं तिथे सगळा पाल्हाळ वसूल होतो. मला ते सलग वाचवलं नाही. मागच्या दाराने येणारा न्हावी आठवला. आम्हाला ओसरीवर पिटाळल्यावर आतून कधी आवाज यायचा नाही, हेही आठवलं. इतकी वर्षं मी ती शांतता म्हणजे सवय असं समजत होते.

आणि शेवटचं, पार्वतीबाई आठवल्यांचं 'माझी कहाणी'. हे १९२८ मधलं. पार्वतीबाई म्हणजे बाया कर्व्यांची धाकटी बहीण. बायांचं 'माझे पुराण' (कावेरीबाई कर्व्यांनी संपादन केलेलं, १९४४) पुष्कळांनी वाचलेलं असतं. त्यात विनोद आहे, फटकळपणा आहे, अण्णांसारख्या मोठ्या माणसाचा संसार ओढताना झालेली चिडचिड आहे. १८९३ मध्ये विधवेने पुनर्विवाह केला म्हणजे काय भोगलं, हे बाया रडता रडता नव्हे तर भांडत भांडत सांगतात. पार्वतीबाई तशा नाहीत. त्यांची भाषा कोरडी, जवळजवळ अहवालासारखी. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात एक मुलगा. सख्ख्या बहिणीने पुनर्विवाह केलेला, पण स्वतः मात्र तो नाकारला. हिंगण्याच्या आश्रमात आधी काम, मग शिक्षण, मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव. इंग्रजी यावं म्हणून १९१८ मध्ये, जवळजवळ पन्नाशीत, ही बाई एकटी अमेरिकेला गेली. तिथे परक्या घरांतून घरकाम केलं, आजारपण काढलं, आणि आश्रमासाठी पैसे जमवून परत आली.

या पुस्तकात मला सर्वांत जास्त भिडलं ते अमेरिका नव्हे. त्यांनी एका वयात केशवपन बंद करून केस वाढवायचं ठरवलं, तो भाग. बाहेरून बघता केवढीशी गोष्ट. पण त्या बाईला त्यासाठी जेवढा धीर गोळा करावा लागला तेवढा बोटीवर चढायला लागला नसावा, असं मला वाचताना वाटलं. लोक काय म्हणतील, ज्या सनातनी घरांतून वर्गणी मिळते ती दारं बंद होतील का, असे प्रश्न. आणि तरी केलं.

पुस्तक मांडीवर तसंच ठेवून मी बसले होते, आणि आत्याआजीचं 'सुटली बिचारी' अचानक वेगळ्या आवाजात ऐकू आलं. त्यात भक्ती नव्हती. हेवा होता. रमाबाईला एक संध्याकाळ पुरली. आत्याआजीला साठ वर्षं काढावी लागली, आलवणात, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मध्ये. मी चौदा वर्षांची होते, समजलं नाही याबद्दल स्वतःला दोष देत नाही. पण चाळिशीत वर्गात उभी असताना समजायला हवं होतं. रमाबाईसाठी मी दोन तास जास्त घेतले. राधाबाई, गोपिकाबाई, पार्वतीबाई, गंगाबाई यांना दोन मिनिटंही दिली नाहीत. वाईपासून हाकेच्या अंतरावर मेणवलीला नाना फडणीसांचा वाडा आहे. दर वर्षी सहल न्यायची मी तिकडे, घाट दाखवायची, घंटा दाखवायची. नाना १८०० मध्ये गेले तेव्हा त्यांची पत्नी जिऊबाई अगदी कोवळ्या वयाची होती, आणि तिने पुढचा सगळा जन्म नानांच्या मागे काढला, हे मी एकाही मुलीला सांगितलं नाही.

त्या थेऊरच्या मुलीचं नाव मला आठवतं, पण ते इथे लिहीत नाही. तीही आता साठीच्या आसपास असेल. कुठे भेटली तर तिला म्हणेन की चाललं असतं गं, अगदी सहज चाललं असतं, त्याच घरात चाललं होतं.

आणखी एक आठवलं म्हणून लिहिते. 'स्वामी' वाचून संपल्यावर दोन-तीन दिवसांनी, तुळशीपाशी पणती लावताना, आत्याआजीने मला विचारलं होतं, "ती गोपिकाबाई नाशकास दिवसभर करायची काय गं?" मी म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही. ती बरं म्हणाली आणि आत गेली.