विमान एंजिनांचे साधे धारवे : चाचण्यांचा इतिहास

गोळ्या वा रूळ यांच्याऐवजी तेलाच्या पातळ पटलावर दंड तोलून धरणारा धारवा म्हणजे साधा धारवा (बेअरिंग). या पटलाचा शोध चाचणीतच, अनपेक्षितपणे लागला. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर रेल्वेच्या आसांचे धारवे तपासत असता (१८८३) तेलाच्या भोकात ठोकलेली लाकडी खुंटी तेलाच्या दाबाने बाहेर ढकलली गेली. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांनी १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती मांडली.

टॉवर यांच्या यंत्रातील भार मात्र स्थिर होता. विमान एंजिनात तो प्रत्येक स्फोटागणिक बदलतो. राइट बंधूंच्या १९०३ मधील सु. १२ अश्वशक्तीच्या एंजिनाला बॅबिट या मऊ मिश्रधातूचे अस्तर पुरले. सु. ४०० अश्वशक्तीच्या लिबर्टी एंजिनात तेच तापून भेगाळू लागे. तेलातील कण पोटात घेणारा मऊपणा हा या धातूचा गुण आणि तोच त्याचा दोष. हवेत धारवा जळाल्यास एंजिन अडकते व वैमानिकाला तत्काळ उतरावे लागते. अशा भेगा अल्पकालीन चाचणीत दिसत नाहीत. म्हणून संपूर्ण एंजिनच चाचणीमंचावर दीर्घकाळ चालविले जाई. लिबर्टीची ५० तासांची चाचणी ऑगस्ट १९१७ मध्ये झाली. पुढे अमेरिकेतील ॲलिसन कंपनीने पोलादी पाठीवर शिसेयुक्त ब्राँझचे अस्तर दिलेले धारवे तयार केले. ते अधिक भार सोसत. परंतु त्यांच्या कठीणपणामुळे दंडाचा पृष्ठभागही अधिक कठीण करावा लागला.