दूरभाषणाच्या प्रतीचे मापन : बुधवार पेठेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

दूरध्वनीच्या इतिहासात तारा, खांब, एक्स्चेंजे आणि वर्गणीदारांची संख्या ह्यांच्या नोंदी विपुल सापडतात. परंतु एका टोकास उच्चारलेले वाक्य दुसऱ्या टोकास कितपत समजले, ह्याची नोंद त्या मानाने विरळच. वस्तुतः ह्या साऱ्या व्यवस्थेचे प्रयोजन त्या समजण्यातच सामावलेले आहे. आज मोबाइलवरील बिनतारी इंटरनेटमधून होणाऱ्या संभाषणांनी हा प्रश्न नव्याने उपस्थित केला आहे. त्याच्या मापनाचा इतिहास पाहता असे दिसते की, ‘किती चांगले ऐकू आले’ ह्या प्रश्नामागे ‘त्याची जबाबदारी कोणाची’ हा दुसरा प्रश्न सदैव उभा असतो. आणि पहिल्याचे उत्तर मिळविण्याची साधने जसजशी सूक्ष्म होत गेली, तसतसे दुसऱ्याचे उत्तर अंधुक होत गेले.

ह्या विवेचनास पुण्याची बुधवार पेठ हे स्थळ अनेक दृष्टींनी उपयुक्त आहे. तपकीर गल्लीतील विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांची दुकाने, लक्ष्मी रस्त्यावरील सिटी पोस्ट आणि दगडूशेठ हलवाई गणपतीचे मंदिर ह्यांमुळे अल्पशा क्षेत्रात माणसांची आणि व्यवहाराची विलक्षण दाटी येथे झालेली आहे. गल्ल्या अरुंद, जुन्या वाड्यांच्या भिंती जाड, आणि त्यांच्या जागी उठलेल्या इमारती एकमेकींस खेटून उभ्या. बिनतारी लहरींची कसोटी पाहावयाची, तर याहून कठीण जागा शहरात थोड्याच सापडतील.

मापनाच्या पहिल्या कालखंडात कान हेच माप होते. जॉर्ज कॅम्पबेल ह्यांनी १९१० साली दूरध्वनीवरील बोलण्याच्या सुगमतेचा पद्धतशीर विचार मांडला. पुढे बेल प्रयोगशाळेतील हार्वे फ्लेचर व जे. सी. स्टाइनबर्ग ह्यांनी १९२९ साली उच्चारपरीक्षेची पद्धती प्रसिद्ध केली. निरर्थक अक्षरे वाचावयाची, ऐकणाऱ्याने ती लिहावयाची, आणि बरोबर आलेल्या अक्षरांचे शेकडा प्रमाण काढावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ऐकणाऱ्यांनी एक ते पाच असे गुण द्यावेत आणि त्यांची सरासरी हे प्रतीचे माप मानावे, हीही रीत पुढे रूढ झाली. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पी.८०० ह्या १९९६ च्या शिफारशीत तिची सविस्तर मांडणी आढळते. ही पद्धती खर्चिक व संथ असली, तरी तिच्यात निवाडा ऐकणाऱ्याचा होता.

ह्या काळातील दूरध्वनीमार्ग सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्‌झ इतकाच पट्टा वाहून नेत असे. मराठीपुरते पाहिले, तर ‘चार’ ह्या शब्दातील तालव्य आणि ‘चारा’ ह्या शब्दातील दंत्य चकार ह्यांच्यातील भेद बऱ्याच अंशी घर्षणाच्या उंच कंपनांवर अवलंबून असतो, आणि नेमकी तीच कंपने ह्या पट्ट्याच्या काठावर अगर बाहेर पडतात. एका भाषेच्या ऐकणाऱ्यांवर बसविलेले माप दुसऱ्या भाषेस जसेच्या तसे लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही, ते ह्या कारणाने.

दुसऱ्या कालखंडाचा आरंभ आवाजाचे आकड्यांत रूपांतर होण्यापासून झाला. १९७२ च्या जी.७११ ह्या मानकानुसार एका संभाषणास सेकंदास ६४,००० बिट लागत. तोवर प्रत्येक संभाषणास स्वतंत्र मार्ग राखून ठेवलेला असे. म्हणून प्रतीची हमी मार्गाचा मालक देऊ शके. १९७० च्या दशकात अर्पानेटवर डॅनी कोहेन आदी संशोधकांनी आवाजाचे तुकडे करून ते पॅकेटांतून पाठविण्याचे प्रयोग केले, आणि राखीव मार्गाची ही कल्पनाच ढासळली. भारतात इंटरनेटवरील दूरभाषणास १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली.

पॅकेटांचा हिशेब साधा आहे. वीस मिलिसेकंदांचा आवाज एका पॅकेटात घातल्यास सेकंदास ५० पॅकेटे निघतात. प्रत्येकास ४० बाइटांचे शीर्ष जोडावे लागते, म्हणून जी.७११ चे ६४ किलोबिट वाटेत ८० होतात, तर जी.७२९ चे अवघे आठ किलोबिट २४ होतात. पॅकेटे हरवतात, उशिरा येतात, आणि त्यांचे अंतर कमीजास्त होते. ह्या शेवटच्या दोषास जिटर म्हणतात. जिटर झाकण्यासाठी ग्राहकयंत्र पॅकेटे थोडा वेळ साठवून ठेवते. परंतु साठवण वाढली की विलंब वाढतो, आणि घटली की उशिराची पॅकेटे टाकून द्यावी लागतात. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे जी.११४ ही शिफारस सुचविते.

आता मापनासाठी माणसांऐवजी गणित पुढे आले. १९९८ च्या ई-मॉडेलमध्ये विलंब, हानी इत्यादी दोष वजा करून ‘आर’ हा एकच अंक काढतात. निर्दोष अवस्थेत तो ९३.२ येतो व पाच गुणांच्या श्रेणीत त्याचे मूल्य सुमारे ४.४ होते; ‘आर’ ७० वर आला की तेच मूल्य ३.६ पर्यंत उतरते. २००१ ची पी.८६२ आणि २०११ ची पी.८६३ ह्या पद्धती मूळ आवाज व पोहोचलेला आवाज ह्यांची तुलना करून ऐकणाऱ्याचे मत वर्तवितात.

परंतु बिनतारी जाळ्यात सरासरी फसवी ठरते. तीन मिनिटांच्या संभाषणात ९,००० पॅकेटे असतात. शेकडा एक हानी म्हणजे ९० पॅकेटे. ती विखरून हरवली, तर कानास फारसे जाणवत नाही. तीच सलग हरवली, तर १.८ सेकंद आवाज नाहीसा होतो. आणि तेवढ्या अवधीत तपकीर गल्लीतील व्यापाऱ्याने उच्चारलेला संपूर्ण भाव निसटून जातो. उभय प्रसंगी सरासरी हानी एकच! शिवाय हवेत बिघडलेले पॅकेट बिनतारी जाळे पुनःपुन्हा पाठविते. त्यामुळे हानी कमी दिसते, पण ती विलंबाच्या रूपाने प्रकट होते. गणेशोत्सवात एकाच मनोऱ्यावर हजारो यंत्रांचा भार पडला असता ह्या दोषांचे स्वरूप तासातासाला पालटते. ई-मॉडेलमध्ये सलग हानीसाठी स्वतंत्र गुणक नंतर जोडावा लागला, तो ह्याच कारणाने.

जबाबदारीचा प्रश्न येथे तीव्र होतो. पुण्यात चौथ्या पिढीची सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये आली, आणि सप्टेंबर २०१६ पासून त्याच जाळ्यावरून पॅकेटरूपी दूरध्वनी देशभर पसरला. ह्या सेवेत कंपनीच्या स्वतःच्या संभाषणास अग्रक्रमाचा मार्ग मिळतो. व्हॉट्सअ‍ॅपसारख्या ॲपवरून केलेले संभाषण मात्र चित्रपट व छायाचित्रे ह्यांच्याच रांगेत उभे राहते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २००९ च्या विनियमांत शेकडा ९५ जोडण्यांचा आवाज चांगला असावा असा दंडक होता. २०१७ मध्ये ग्राहकाने स्वतः संभाषणास गुण देण्यासाठी त्याच संस्थेने मायकॉल हे ॲप काढले, आणि २०२४ च्या विनियमांत विलंब, जिटर व पॅकेटहानी ह्यांचाही समावेश केला. तथापि हे दंडक जाळ्याच्या चालकास बांधतात. ॲपवरील सेवांबाबत तूर्त नियामक हस्तक्षेप नको, अशी शिफारस प्राधिकरणाने सप्टेंबर २०२० मध्ये केली होती. परिणामी ॲपवरील संभाषण तुटले असता चालक ॲपकडे बोट दाखवू शकतो, ॲपची कंपनी जाळ्याकडे. आणि ग्राहकाने दिलेले तारे त्या कंपनीच्याच खाजगी साठ्यात जमा होतात.

ह्यावरून बुधवार पेठेसारख्या स्थळी करावयाच्या अभ्यासाची दिशा स्पष्ट होते. रस्त्यावरून मोटार फिरवून घेतलेली सरासरी पुरेशी नाही. गल्ली, मजला, भिंत, तास आणि सणाचा दिवस ह्यांनुसार स्वतंत्र नोंदी हव्यात. सरासरीबरोबर सर्वांत दीर्घ खंडाचाही उल्लेख हवा, आणि निवाड्यासाठी मराठी बोलणारे व ऐकणारे बसवावयास हवेत. अशा नोंदी एखाद्या विद्यापीठात सर्वांस पाहता येतील अशा रीतीने जतन झाल्या, तर तक्रार करणाऱ्या दुकानदाराच्या हाती पुरावा येईल आणि पुढील इतिहासकारास कंपन्यांच्या मेहेरबानीवर अवलंबून राहावे लागणार नाही.